एमपीओ निगेटिव्ह आला म्हणजे नक्की काय कळलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्ह्याच्या गावी छोट्या लॅबमध्ये काम, महिन्याला ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरच्या) एकदोन स्लाइड येतात, एमपीओ (मायलोपेरॉक्सिडेज) स्टेन बऱ्याचदा निगेटिव्हच येतो, आणि वरिष्ठ म्हणतात की आता फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखणारी तपासणी, असताना हे जुने स्टेन शिकायचे तरी कशाला. शिवाय कुठल्या पेशीला कुठला स्टेन करायचा याचा तक्ता हवाय.

तक्ता मी मुद्दामच देत नाही, कारण वीसएक वर्षं मायक्रोस्कोपसमोर बसून मी बघितलंय की ज्यांना तक्ता पाठ आहे तेच इथे जास्त फसतात. तक्त्यात लिहिलेलं असतं एमपीओ पॉझिटिव्ह म्हणजे एएमएल (मायलॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया), पीएएस पॉझिटिव्ह म्हणजे एएलएल (लिम्फॉइड पेशींचा). पण रंग काही रोगाला चढत नाही, तो पेशीच्या आत असलेल्या एखाद्या वस्तूला चढतो. एमपीओमध्ये तो एका एन्झाइमला, पीएएसमध्ये ग्लायकोजेनला, पर्ल्समध्ये लोखंडाला. ती वस्तू आहे का, असली तर कुठे आणि किती, आणि ती नसताना तुमचा स्टेन नीट चालला होता का, एवढंच स्लाइडवरून कळतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं आपोआप जागेवर येतं.

सुरुवात मात्र स्पेशल स्टेनपासून करूच नका. आधी लिशमन, रक्ताच्या स्लाइडचा रोजचा स्टेन. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळ्यात जास्त हयगय इथेच होते. १८९१ मध्ये रोमानोव्स्कीने मलेरियाच्या जंतूवर काम करताना मिथिलीन ब्लू आणि इओसिन एकत्र वापरून न्यूक्लियसला जांभळा रंग आणला, त्याच घराण्यातले आपले गीम्सा, राइट आणि लिशमन. मिथिलीन ब्लू मुरलं की त्यातून अझूर बी तयार होतं, ते डीएनएला बसतं आणि इओसिनच्या साथीने तो जांभळा येतो, तर हिमोग्लोबिन आणि इओसिनोफिलचे दाणे इओसिन घेऊन गुलाबी-केशरी होतात. लिशमन हा ब्रिटिश लष्करातला डॉक्टर, भारतात नोकरी केलेला, त्याने १९०१ मध्ये आपला स्टेन मांडला, आणि डमडम फीव्हरने गेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत त्याला ते कण दिसले ज्यांना आज आपण काळा आजाराचे जंतू म्हणतो, मद्रासला डोनोव्हनलाही तेच दिसले, म्हणून त्या जंतूच्या नावात दोघंही आहेत. हे सांगायचं कारण असं की हा स्टेन आपल्या हवापाण्यातल्या कामाला पहिल्यापासून जुळलेला आहे, पण हवापाणी सांभाळावं लागतं.

म्हणजे कसं, तर लिशमनमधलं मिथेनॉल हेच फिक्स करण्याचं काम करतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे बाटलीचं झाकण जरा सैल राहिलं की मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मग तांबड्या पेशींमध्ये चमकणारी भोकं दिसायला लागतात, न्यूक्लियस फुगल्यासारखे धूसर दिसतात, आणि नवीन माणूस त्यालाच काहीतरी आजार समजतो. दुसरीकडे मराठवाड्यात बोअरचं जड पाणी, ते अल्कलाइन असतं, त्याने स्लाइड धुतली किंवा बफरऐवजी तेच वापरलं की सगळी स्लाइड निळी, तांबड्या पेशी राखाडी-हिरवट, आणि इओसिनोफिल ओळखू येत नाहीत. बफर ६.८ पीएचचा, ताजा, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्येच करायचा. दोन मिनिटं नुसता स्टेन, मग त्याच्या दुप्पट बफर घालून दहा ते पंधरा मिनिटं. बोनमॅरोला त्याहून जास्त वेळ द्या, पेशी दाट असतात. नाव पेन्सिलने लिहा, मार्कर मिथेनॉलमध्ये पुसला जातो, आणि कुणाची स्लाइड कुठली हे न कळण्यासारखी वाईट गोष्ट या कामात नाही.

मग लिशमनवर वेळ घालवायचा. ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, आहेत का, किती आहेत, त्यांच्यात दाणे दिसतात का, ऑअर रॉड (पेशीतली सुईसारखी लाल काडी) दिसतो का. एक जरी पक्का ऑअर रॉड सापडला तरी ती पेशी मायलॉइड, मग स्टेनने तेच दुसऱ्यांदा सांगितलं एवढंच. पुष्कळदा मी बघते की लिशमन अर्ध्या मिनिटात बाजूला सारून पोरं स्पेशल स्टेनकडे धावतात, आणि शोधायचं काय हेच ठरलेलं नसतं.

आता एमपीओ, कारण तुमचा खरा त्रास तिथे आहे.

मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम न्यूट्रोफिलच्या घराण्यातल्या पेशींच्या प्रायमरी दाण्यांत असतं. आपण हायड्रोजन पेरॉक्साइड देतो, त्याच्या जोरावर एन्झाइम डीएबी या रसायनाचं ऑक्सिडेशन करतं आणि जिथे एन्झाइम आहे तिथेच तपकिरी साका बसतो. पूर्वी बेंझिडिन वापरायचे, ते कॅन्सरला कारण ठरतं म्हणून गेलं, आणि डीएबीही काही निरुपद्रवी नाही, ग्लोव्ह्ज घालूनच वजन करा. एकूण ब्लास्टपैकी ३ टक्के किंवा जास्त पॉझिटिव्ह असले की मायलॉइड म्हणायचं. मोजायचे फक्त ब्लास्ट. शेजारी मॅच्युअर होत चाललेले प्रोमायलोसाइट, मायलोसाइट तपकिरी दिसतात ते या टक्केवारीत घ्यायचे नाहीत, आणि ब्लास्टवर चढलेल्या न्यूट्रोफिलचा रंग ब्लास्टचा समजायचा नाही. घाईत पन्नास ब्लास्ट बघून थांबू नका, निदान दोनशे बघा, कारण ३ टक्के म्हणजे शंभरात तीनच.

तुमचा स्टेन सारखा निगेटिव्ह येतो त्यात माझा पहिला संशय पेरॉक्साइडवर आहे. उघडलेली बाटली उन्हात, उष्णतेत राहिली की त्यातली ताकद जाते, आणि बाहेरून ते पाण्यासारखंच दिसतं त्यामुळे कळत नाही. दुसरा संशय स्लाइडच्या वयावर. हे एन्झाइम उजेडाने आणि दिवस गेल्याने मरतं, खिडकीजवळ चार दिवस पडलेल्या स्लाइडवर एमपीओ करून काही सिद्ध होत नाही. तिसरा, फिक्सेशन लांबलं. आणि हे तिन्ही पकडायला एकच उपाय आहे, कंट्रोल. पेशंटच्याच स्लाइडवरचे न्यूट्रोफिल आधी शोधायचे, ते गडद तपकिरी आहेत का बघायचं, मगच ब्लास्टकडे वळायचं. आणि त्याच दिवशीच्या एखाद्या नॉर्मल माणसाच्या रक्ताची स्लाइड सोबत त्याच जारमध्ये लावायची, कारण ल्युकेमियाच्या पेशंटमध्ये पुष्कळदा न्यूट्रोफिल शिल्लकच नसतात, आणि एमडीएससारख्या (मॅरोत पेशी नीट न घडण्याच्या) आजारात असलेले न्यूट्रोफिलही एन्झाइमशिवायचे असू शकतात. काही धडधाकट माणसांत जन्मतःच हे एन्झाइम कमी असतं, तेव्हा त्यांचे न्यूट्रोफिल कोरे आणि इओसिनोफिल मात्र रंगलेले दिसतात, कारण इओसिनोफिलचं पेरॉक्सिडेज वेगळं.

हे मी एवढं जोर देऊन सांगते कारण माझ्या हातून हीच चूक झालेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, जुलै महिना, एका तरुण मुलाच्या मॅरोत नव्वद टक्के ब्लास्ट, एमपीओ कोरा, मी रिपोर्टवर लिहिलं की एमपीओ निगेटिव्ह, एएलएलकडे झुकतं. दोन दिवसांनी आमच्या मॅडमनी ती स्लाइड बघितली, आख्ख्या स्लाइडवर मोजून चार न्यूट्रोफिल होते आणि चारही कोरे. पेरॉक्साइडची बाटली कधीची उघडलेली. नवीन बाटलीने परत केला तर अर्ध्याहून जास्त ब्लास्ट तपकिरी. तोवर घरच्यांना एएलएल सांगून झालं होतं, औषधं सुरू व्हायची बाकी होती एवढंच नशीब. त्या दिवसापासून कंट्रोल स्लाइड शेजारी नसेल तर मी एमपीओची स्लाइड स्टेजवर ठेवतच नाही.

आणि समजा स्टेन उत्तम चाललाय, कंट्रोल झकास आहे, आणि ब्लास्ट तरीही निगेटिव्ह. मग काय कळलं? तर एवढंच की या ब्लास्टमध्ये आपल्याला दिसेल इतकं पेरॉक्सिडेज नाही. तो एएलएल असू शकतो. पण मोनोब्लास्टचा एएमएलही असू शकतो, मेगाकॅरिओब्लास्टचा (प्लेटलेट बनवणाऱ्या घराण्यातल्या कच्च्या पेशींचा) असू शकतो, किंवा अगदीच कच्चा, ज्याला जुन्या फॅब (फ्रेंच-अमेरिकन-ब्रिटिश) वर्गीकरणात एम शून्य म्हणायचे तोही असू शकतो. १९७६ च्या त्या फॅब वर्गीकरणाचा सगळा डोलारा लिशमन आणि या रासायनिक स्टेनवर उभा होता, पुढे वर्गीकरण जनुकांकडे गेलं, पण एम३, एम५ ही नावं ओपीडीत आजही चालतात. म्हणून एमपीओ निगेटिव्ह हा रिपोर्टचा शेवट होऊ शकत नाही, फ्लो लागणारच. पॉझिटिव्ह मात्र ताकदीचा पुरावा आहे, आणि तुमच्या वरिष्ठांना माझं उत्तर याच जागी आहे.

कारण एम३, म्हणजे एपीएल, ॲक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, प्लेटलेट पंधरा-वीस हजार, आणि स्लाइडवर दाण्यांनी खच्चून भरलेल्या पेशी, काहींमध्ये ऑअर रॉडच्या जुड्या. हा पेशंट डोक्यात रक्तस्राव होऊन एका रात्रीत जाऊ शकतो, आणि तोच पेशंट वेळेत एट्रा (व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं औषध) आणि आर्सेनिक मिळालं तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. दाणे स्पष्ट दिसले तर लिशमनवरच कळतं. पण याचा एक प्रकार असा आहे की दाणे इतके बारीक की दिसतच नाहीत, न्यूक्लियस मधोमध चिमटा काढल्यासारखा दुभंगलेला, पेशी मोनोसाइटसारखी वाटते आणि माणूस मोनोसाइटिक ल्युकेमिया लिहून मोकळा होतो. तिथे एमपीओ लावला की जवळजवळ प्रत्येक पेशी काळपट तपकिरी, न्यूक्लियससुद्धा झाकला जाईल इतकी. मोनोब्लास्ट असं कधी करत नाही, तो निगेटिव्ह असतो किंवा चारदोन विखुरलेले ठिपके दाखवतो. फ्लोचा नमुना तुमच्या गावाहून पुण्या-मुंबईला जाऊन रिपोर्ट यायला दिवस जातात, एमपीओ अर्ध्या तासात होतो. संध्याकाळी सहाला स्लाइड बघून फिजिशियनला फोन करून सांगता येतं की एपीएल वाटतोय, एट्रा सुरू करा, जनुकाची तपासणी मागून येऊ दे. मी असे फोन केलेत, आणि त्यातले पेशंट पुढे वर्षांनी फॉलोअपला चालत आलेले बघितलेत. म्हणून हा जुना स्टेन शिकायचा.

सुदान ब्लॅक बीबद्दल थोडक्यात. तो दाण्यांतल्या चरबीला लागतो, उत्तर साधारण एमपीओसारखंच देतो, पण चरबी एन्झाइमसारखी मरत नाही म्हणून जुन्या स्लाइडवर चालतो. बाहेरगावाहून आठ दिवसांनी आलेली स्लाइड असेल तर मी हाच करते. वेळ जास्त लागतो, तासभर स्टेनमध्ये, आणि नंतर सत्तर टक्के अल्कोहोलने नीट धुतला नाही तर काळी घाण बसते.

मोनोसाइटच्या बाजूच्या पेशी पकडायला नॉन-स्पेसिफिक इस्टरेज, अल्फा नॅफ्थिल ॲसिटेट वापरून. मोनोसाइट भरभरून रंगतात, आणि गंमत म्हणजे सोडियम फ्लोराइड घातलं की मोनोसाइटचा रंग जातो, बाकीच्यांचा राहतो. त्यामुळे एक स्लाइड फ्लोराइडशिवाय आणि एक फ्लोराइडसह अशी जोडी लावायची, एकटी स्लाइड अर्धवट माहिती देते. मेगाकॅरिओसाइटही ॲसिटेटवर रंगतात, हे लक्षात ठेवा. पॅरारोझॅनिलिन आणि नायट्राइट ऐनवेळी मिसळावं लागतं, सकाळी मिसळून दुपारी वापरलं तर फुकट. महिन्याला दोन केस असतील तर हा स्टेन तुमच्या लॅबमध्ये जिवंत ठेवणं अवघड आहे असं मी प्रामाणिकपणे सांगते, तो मोठ्या सेंटरवर सोडा.

पीएएस सोपा आणि स्वस्त. परआयोडिक ॲसिड साखरेच्या साखळीचं ऑक्सिडेशन करून अल्डिहाइड तयार करतं, शिफ रिएजंट त्याला धरून किरमिजी रंग देतो. इथे रंग आहे की नाही यापेक्षा तो कसा आहे हे बघायचं. न्यूट्रोफिल पूर्ण भरून गुलाबी, तो तुमचा कंट्रोल. लिम्फोब्लास्टमध्ये मोकळ्या, स्वच्छ सायटोप्लाझमवर जाड दाणे किंवा ठोकळे. मायलॉइड ब्लास्टमध्ये धुकट गुलाबी पसारा, त्यात कधी बारीक दाणे. आणि नॉर्मल एरिथ्रोब्लास्ट, म्हणजे कच्ची तांबडी पेशी, पीएएस निगेटिव्ह असतो, तो जर ठसठशीत पॉझिटिव्ह दिसला तर एरिथ्रॉल्युकेमियाचा विचार डोक्यात यायला हवा. पण पुष्कळ लिम्फोब्लास्ट निगेटिव्हही असतात, आणि ठोकळे इतर ब्लास्टमध्येही क्वचित दिसतात, त्यामुळे एकट्या पीएएसवर एएलएल म्हणू नका. शिफची बाटली फ्रिजमध्ये, आणि रिएजंट गुलाबी व्हायला लागला की टाकून द्यायचा, तो संपलेला असतो.

आता ज्या स्टेनबद्दल तुम्ही विचारलंच नाही आणि जो तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल तो सांगते, पर्ल्स. १८६७ पासूनचा हा स्टेन, आणि तत्त्व तर शाळेतल्या केमिस्ट्रीचं: पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड समभाग, त्यात फेरिक लोखंड आलं की प्रशियन ब्लू. आपल्याकडे ॲनिमियाचे पेशंट किती हे सांगायला नको. साध्या लोहाच्या कमतरतेला मॅरो काढायची गरज नाही, फेरिटिन, म्हणजे लोखंडाच्या साठ्याची रक्ततपासणी, पुरतं. पण टीबी, संधिवात, जुनाट इन्फेक्शन असलेल्या बाईचं फेरिटिन सुजेमुळे वाढलेलं दिसतं आणि लोखंड खरंच आहे की नाही कळत नाही, तिथे दुसऱ्या कारणाने मॅरो निघालीच असेल तर पर्ल्स सरळ दाखवतो. साठा बघायचा तो मॅरोच्या कणांमधल्या मॅक्रोफेजमध्ये. म्हणून स्लाइडवर कण हवेत, नुसतं रक्त आलेल्या स्लाइडवर लोखंड नाही असं लिहिणं चूक आहे, सातएक कण बघितल्याशिवाय मी साठा संपलाय असं लिहीत नाही. आणि ट्रिफाइन बायोप्सीवर (हाडासकट काढलेल्या मॅरोच्या तुकड्यावर) भरवसा ठेवू नका, हाड मऊ करायला ॲसिड वापरलं की लोखंड वाहून जातं.

मग एरिथ्रोब्लास्ट बघायचे. नॉर्मलमध्ये एकदोन बारीक निळे ठिपके असतात. साठा भरलेला आणि एरिथ्रोब्लास्ट मात्र कोरे, हे जुनाट आजाराचं चित्र. आणि न्यूक्लियसभोवती पाच किंवा जास्त दाणे, निदान एक तृतीयांश घेर धरून, तो रिंग सिडरोब्लास्ट, लोखंड मायटोकाँड्रियात अडकलेलं. असे १५ टक्क्यांवर दिसले की सगळे एमडीएस म्हणतात, एसएफ३बी१ हे म्युटेशन असेल तर ५ टक्केही पुरतात. पण त्याआधी पेशंटला विचारा. टीबीची औषधं चालू आहेत का? आयसोनियाझिडने व्हिटॅमिन बी६ अडतं आणि अशाच रिंगा दिसतात. दारू, लिनेझोलिड, तांब्याची कमतरता यांनीही दिसतात. औषध थांबलं, बी६ दिलं की रिंगा जातात. हा प्रश्न न विचारता माणसाच्या कपाळी एमडीएस लिहिणं मला सहन होत नाही. स्टेन करताना नळाचं गंजकं पाणी वापरू नका, गंजाचे कण निळे होऊन पेशींवर बसतात, फोकस फिरवला की ते पेशीच्या वरच्या पातळीवर दिसतात त्यावरून ओळखा.

बाकी दोन जुने स्टेन नावापुरते. ल्युकोसाइट अल्कलाइन फॉस्फटेज, शंभर न्यूट्रोफिलना शून्य ते चार गुण देऊन बेरीज, सीएमएलमध्ये (जुनाट मायलॉइड ल्युकेमियात) कमी आणि इन्फेक्शनने वाढलेल्या पेशींत जास्त. तो ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) रक्तावर नीट येत नाही, बोटातल्या रक्ताची किंवा हेपरिनची स्लाइड लागते, आणि आम्ही कंट्रोलला शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईचं रक्त घ्यायचो कारण तिचा स्कोअर हमखास जास्त असतो. आता सीएमएलच्या जनुकाची, बीसीआर-एबीएलची, पीसीआर होते, त्यामुळे याची गरज उरली नाही आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. हेअरी सेल ल्युकेमियासाठी ट्रॅप नावाचा स्टेन होता, तिथेही फ्लोने चांगली सोय केली.

तर तुमच्या लॅबमध्ये एमपीओ, पर्ल्स आणि पीएएस एवढे तीन ठेवा, आठवड्यातून एकदा नॉर्मल स्लाइडवर लावून बघा म्हणजे केस येईल त्या दिवशी रिएजंट मेलेला निघणार नाही. मॅरो काढताना तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा, पहिल्या ओढीचे जेमतेम पाव ते अर्धा मिली स्लाइडसाठी घ्या, जास्त ओढलं की नुसतं रक्त येतं. दहा स्लाइड करा, दोन लिशमनला, बाकी न रंगवता पूर्ण वाळवून ठेवा. आणि पुढे पाठवताना एक गोष्ट कुरिअरवाल्याला नाही, स्वतःच्या हाताने करा: न रंगवलेल्या स्लाइड आणि फॉर्मेलिनमधली बायोप्सी एका डब्यात कधीच घालू नका. झाकण कितीही घट्ट असलं तरी फॉर्मेलिनची वाफ स्लाइडला लागते, मग लिशमन हिरवट-निळा येतो, पेशी धड ओळखू येत नाहीत, आणि त्या पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते. दोन वेगळे डबे, दोन वेगळ्या पिशव्या.